मेलेल्या माकडाची नोंद कोणाच्या वहीत?

प्रश्न: मी जंगलालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. माणूस, जनावरे आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करायचा म्हणून जिल्ह्यात ‘वन हेल्थ’ समिती झाली. आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन खात्याची बैठक झाली, इतिवृत्तही आले. गावात मात्र काहीच बदललेले नाही. असा शासकीय समन्वय प्रत्यक्षात होतो तरी कसा? की त्यासाठी वेगळे प्राधिकरण आणि वेगळा कायदाच लागेल?

उत्तर:

डॉक्टर, तुमच्या बैठकीत काय झाले असेल याचा मला अंदाज आहे. आरोग्य खात्याने तापाचे रुग्ण वाचून दाखवले असतील, पशुसंवर्धन खात्याने लसीकरणाचे उद्दिष्ट आणि साध्य, वन खात्याने रोपवनांची कामे. तिघांनी एका खोलीत बसून आपापले अहवाल वाचले याला समन्वय म्हणता येत नाही. एका खात्याला दिसलेली गोष्ट दुसऱ्या खात्याला किती तासांत कळते, कळल्यावर त्याने काय करायचे हे आधी ठरले आहे का, आणि त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार, या तीन गोष्टी मी कुठल्याही जिल्ह्यात आधी विचारतो. त्यांची उत्तरे नसतील तर समिती कागदावरच राहते, तिचे सदस्य कितीही तळमळीचे असले तरी.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीचा बराचसा काळ दक्षिण कोकणात, प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या आजारांच्या कामात गेला. म्हणून सगळे माकडतापाच्या आधाराने सांगतो. तुमचा भागही जंगलालगतचा आहे, तेव्हा यातले पुष्कळसे तुम्हाला थेट लागू पडेल.

1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरू लागली आणि त्याच गावांत माणसांना जबर ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे (एनआयव्हीचे), शास्त्रज्ञ तिथे गेले. माकडे आणि माणसे बरोबरीने मरताहेत म्हटल्यावर पहिली धास्ती पीतज्वराची (यलो फीवरची) होती, कारण आशियात तो तोवर आलेला नव्हता. निघाला वेगळाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. जंगलाच्या नावावरून आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी, असे नाव पडले. लोकांनी त्याला माकडताप म्हटले.

त्यानंतरची अनेक दशके हा आजार कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांपुरता राहिला. मग 2012 मध्ये बांदीपूर, 2013 मध्ये निलगिरी, त्याच सुमारास केरळातले वायनाड, 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातले पाली आणि 2016 च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातले केर, असा तो सह्याद्रीच्या दोन्ही टोकांना सरकताना दिसला. पुढच्याच हंगामात सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसराला त्याने मोठा तडाखा दिला. त्या आधी आमच्याकडच्या डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच वाचलेला होता. जानेवारीत ताप, सणकून डोकेदुखी, अंग मोडून येणे, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अशा रुग्णाला आधी डेंगी, मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिस समजले गेले तर त्यात डॉक्टरांचा दोष नाही.

आता साखळी पाहा. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही मुख्य गोचीड. पावसाळ्यात तिची प्रौढ अवस्था गाई-बैलांवर आणि गव्यांसारख्या मोठ्या जनावरांवर रक्त पिते आणि मग जमिनीवर अंडी घालते. पाऊस सरल्यावर अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री असल्या लहान प्राण्यांवर, माकडांवर चढतात. डिसेंबरपासून मेपर्यंत अर्धवाढ झालेली, तिळापेक्षाही लहान अशी गोचीड पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या वाळक्या पानांत, दबा धरून असते, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. नेमक्या याच महिन्यांत बाया भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, पातेरा आणि कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) गोळा करायला रानात असतात, गुरे डोंगरात चरत असतात आणि फेब्रुवारीपासून काजूच्या बागांत बी वेचायचे काम सुरू होते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सापडलेल्या रुग्णांत काजू बागांत काम करणाऱ्यांची संख्या ठळक होती, ती यामुळेच.

माकडाचे स्थान या साखळीत फार महत्त्वाचे आहे. वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोन्ही जातींना हा आजार होतो आणि त्यात ती मरतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे अंगावरच्या शेकडो गोचिडी संसर्ग घेतात. माकड मेले की त्याचे अंग थंड पडते, गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा पुढे काही काळ धोक्याची होऊन बसते. म्हणून जंगलाच्या कडेला मेलेले माकड दिसणे हा आपल्याला मिळणारा सगळ्यात लवकरचा इशारा आहे. माणसाला गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात, ताप आल्यावर तो तुमच्याकडे यायला आणखी एक-दोन दिवस, नमुना जाऊन निकाल यायला त्याहून जास्त. माकडाची बातमी वेळेत पोचली, तर तेवढे सगळे दिवस हातात येतात.

आणि ती बातमी येते कोणाच्या हातात? वनरक्षकाच्या. कधी गुराख्याच्या, कधी काजूच्या बागेच्या मालकाच्या. आरोग्य खात्यातल्या माणसाच्या हातात ती पहिल्यांदा कधीच येत नाही. गुरांवर गोचिडी किती आहेत हे पशुधन पर्यवेक्षकाला ठाऊक असते. तुमच्या बाह्यरुग्ण विभागात ताप दिसतो. चित्राचे तीन तुकडे तीन खात्यांकडे आहेत, म्हणून समन्वय लागतो. ही आजाराच्या स्वभावातूनच येणारी गरज आहे. वरून परिपत्रक आले नसते तरी ती होतीच.

अडचण कुठे येते ते सांगतो, कारण खरी मेख इथे आहे.

पहिली अडचण दिनदर्शिकेची. गोचिडी कमी करायच्या तर गुरांवर औषध लावण्याची योग्य वेळ पावसाळ्यात, प्रौढ गोचिडी गुरांवर असतात तेव्हाची. त्या वेळी गावात तापाचा एकही रुग्ण नसतो, त्यामुळे कोणालाच घाई नसते. रुग्ण दिसू लागतात जानेवारीत, आणि तेव्हा पशुसंवर्धन खात्याला पत्र जाते की तातडीने गुरांना औषध द्या. तोवर गोचिडीची पुढची पिढी पातेऱ्यात पोचलेली असते. जानेवारीतल्या औषधाने काहीच होत नाही असे नाही, पण ऑगस्टमधल्या औषधाची सर त्याला नाही. शिवाय उंदरा-चिचुंद्रीवर वाढणाऱ्या अळ्यांना गुरांच्या औषधाने काही फरक पडत नाही, त्यामुळे एवढ्या एकाच उपायावर भिस्त ठेवता येणार नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती बैठकीत कोणी बोलत नाही. ऑगस्टमध्ये पशुसंवर्धनने औषधावर खर्च केला तर त्याचा लाभ फेब्रुवारीत आरोग्य खात्याला होतो. रुग्ण कमी झाले म्हणून पशुसंवर्धन अधिकाऱ्याची पाठ कोणी थोपटत नाही. त्याचे मूल्यमापन दूध, कृत्रिम रेतन आणि लसीकरण यांवर होते. वनरक्षकाचे तर कुठल्याच आजारावर होत नाही. त्यात आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, आणि माकडतापाचा हंगाम डिसेंबर ते मे. म्हणजे ऐन साथीत जुना निधी संपवायची घाई आणि नवा निधी हाती यायची वाट. गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचे डेपा तेल, गोचिडी मारायची मॅलाथिऑन भुकटी, नमुन्यांचे साहित्य यांची खरेदी नोव्हेंबरआधी झाली नसेल तर ती एप्रिलअखेर होते, तोवर काजूचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पावसाळ्याआधीच तरतूद करून घेता येते. ही तरतूद ‘माकडताप प्रतिबंध’ अशा एका नावाखाली ठेवून तिन्ही खात्यांचे हिस्से त्यात दाखवावेत. माझ्या मते समितीच्या सगळ्या बैठकांपेक्षा या एका कागदाला जास्त किंमत आहे.

तिसरी अडचण आपल्या जिल्हा प्रशासनाच्या रचनेतच आहे. महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्य यंत्रणा, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि तुमचे केंद्र, जिल्हा परिषदेकडे. जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, थेट राज्याकडे. हिवताप कार्यालयाची आणखी एक ओळ. पशुसंवर्धनातही तसेच: गावातला दवाखाना बहुधा जिल्हा परिषदेचा, जिल्ह्याचे पशुसंवर्धन उपायुक्त राज्याचे. वन विभाग पूर्ण राज्याचा, आणि त्याच्या परिक्षेत्रांच्या हद्दी तालुक्याच्या हद्दींशी जुळतीलच असे नाही. म्हणजे ‘तीन खात्यांचा समन्वय’ म्हणतो तेव्हा जमिनीवर सहा-सात साखळ्या असतात, आणि त्या एकत्र येतात फक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. जिल्हाधिकारी बदलले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी तालुक्याचा आग्रह धरतो. तालुका आरोग्य अधिकारी, पशुधन विकास अधिकारी आणि वनक्षेत्रपाल ही तीन माणसे एकमेकांचा फोन उचलत असतील, तर रचनेतले बाकीचे अडथळे बरेच सुसह्य होतात.

आता मेलेल्या माकडाकडे येऊ, कारण सगळी व्यवस्था तिथे तपासली जाते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. त्याला हात लावायचा, विच्छेदन करायचे, नमुना घ्यायचा तर वन खात्याला वगळून चालत नाही, आणि ते योग्यही आहे. पण या कायद्याची गावात एक वेगळीच सावली पडते. कोकणात माकडांनी भाजीपाला, केळी, नारळ यांचे केलेले नुकसान सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्याच्या बागेत माकड मरून पडले तर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आपणच विष घातले असा संशय येईल, चौकशी लागेल. मग तो गुपचूप खड्डा खणतो किंवा माकड ओढून लांब टाकून येतो. दुसरीकडे, अनेक गावांत मेलेल्या वानराला हनुमानाचे रूप मानून अंघोळ घालतात, फुले वाहतात, खांद्यावरून नेऊन पुरतात. ही श्रद्धा मनापासूनची असते. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला त्या गावातून पुढची बातमी कधीच मिळत नाही. दोन्ही प्रकारांत माणूस उघड्या हाताने गोचिडींच्या जवळ जातो, आणि इशारा नोंदलाच जात नाही.

यावर उपयोगी पडणारी पहिली गोष्ट म्हणजे वन खात्याने ग्रामसभेत उघडपणे सांगणे, की माकड मेल्याची खबर देणाऱ्याची चौकशी होणार नाही. हे आरोग्य खात्याने सांगून उपयोग नाही. ज्याची भीती आहे त्यानेच अभय द्यायला हवे. दुसरी, गावाला सांगावे की अंत्यसंस्कार जरूर करा, फक्त हात न लावता, आमची माणसे आल्यावर, थोडे लांब उभे राहून. मी पाहिले आहे की असे सांगितले तर लोक ऐकतात.

त्यानंतरचा क्रम मी असा ठेवतो. खबर कोणालाही मिळो, ती तालुक्याच्या एकाच क्रमांकावर जाते आणि तिथून तिन्ही अधिकाऱ्यांना त्याच तासात. वनरक्षक जागा राखतो, लोकांना आणि गुरांना दूर ठेवतो. पशुधन विकास अधिकारी संरक्षक पोशाखात नमुना घेतो. उन्हाळ्यात शव फार लवकर सडते आणि सडलेल्या शवाच्या नमुन्याचा उपयोग थोडाच, म्हणून दुपारी मिळालेल्या खबरीसाठी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची वाट पाहायची नसते. शव जाळतात. आजूबाजूच्या सुमारे 50 फुटांच्या परिघात मॅलाथिऑन भुकटी टाकतात. त्याच संध्याकाळी तुमचे आरोग्य सेवक आणि आशाताई जवळच्या वाड्यांत जातात: कोण रानात जाते, कोणाला ताप आहे, तेल पोचले आहे का. ताप असलेल्याला ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके न देता पॅरासिटामॉलवर ठेवायचे आणि रक्ताचा नमुना पाठवायचा, हे तुम्हाला सांगायला नको.

भुकटीबद्दल वन खात्याची हरकत असते, आणि ती मी नेहमी गंभीरपणे घेतो. मॅलाथिऑन फक्त गोचिडींना मारत नाही. ओढ्याकाठी किंवा मधमाश्यांच्या वस्तीजवळ ती टाकणे म्हणजे एक नुकसान टाळायला दुसरे करणे. म्हणून ओढ्यापासून किती अंतर सोडायचे, कुठे भुकटीऐवजी फक्त जागा बंद करायची, हे वनक्षेत्रपालांनी हंगामाआधी नकाशावर दाखवून द्यावे. साथ पेटल्यावर हा वाद झाला तर दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात आणि दिवस वाया जातात.

नमुन्याच्या निकालाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. हा विषाणू साध्या प्रयोगशाळेत हाताळता येत नाही, उच्च जैवसुरक्षेची सोय लागते. सुरुवातीच्या हंगामांत आमच्या भागातले नमुने मणिपाल आणि पुणे इथे जात. निकाल येत तो ज्या खात्याने नमुना पाठवला त्याच्याकडे, पत्राने, वरिष्ठांमार्फत खाली. एका हंगामात माकडाचा निकाल सकारात्मक असल्याचे पत्र एका कार्यालयात टेबलावर पडून होते, आणि त्याच पंचक्रोशीतल्या आरोग्य केंद्रात तापाचे रुग्ण दुसराच आजार समजून तपासले जात होते. कोणी मुद्दाम दडवले नव्हते. पत्रावर ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून आरोग्य खात्याचे नाव नव्हते, एवढेच. तेव्हापासून मी नमुन्याच्या अर्जावरच तिन्ही तालुका अधिकाऱ्यांचे फोन क्रमांक लिहायला लावतो आणि प्रयोगशाळेला विनंती करतो की निकाल एकाच वेळी तिघांना कळवा. नकारात्मक निकालही कळवायला हवा. ज्या वनरक्षकाने भर उन्हात माकडाची खबर दिली त्याला पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, तर तो पुढच्या वेळी फोन करण्याआधी विचार करतो.

तुमचा तालुका राज्याच्या सीमेवर असेल तर आणखी एक गोष्ट. दोडामार्ग आणि सत्तरीचे जंगल सलग आहे, माकडांना आणि गोचिडींना सीमा नाही. मजूर दोन्हीकडे कामाला जातात. आणि सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अनेकदा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न जाता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो, कारण ते जवळ पडते आणि सोयी जास्त आहेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या गावाचा इशारा गोव्याच्या नोंदवहीत लिहिला जातो. दोन राज्यांच्या सचिवांनी पत्रव्यवहार करून हे सुटायला वेळ लागतो. बांबोळीच्या साथरोग विभागात आणि आपल्या जिल्हा सर्वेक्षण कक्षात एकमेकांना ओळखणारी माणसे असली, रुग्णाच्या पत्त्यासकट माहिती त्याच दिवशी आली, तर दुसऱ्या दिवशी त्या वाडीत पोचता येते. बेळगाव जिल्ह्याचा खानापूर तालुकाही याच सलग पट्ट्यात आहे, त्यालाही धरा.

कोणी म्हणेल की आपल्याकडे अशी खाती एकत्र चालूच शकत नाहीत. मला ते पटत नाही, कारण नवापूर आपल्याच महाराष्ट्रात घडले. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, भोपाळच्या प्रयोगशाळेने तो निश्चित केला. काही दिवसांत लाखो पक्षी नष्ट केले गेले, आरोग्य पथकांनी घरोघर तपासणी केली, आणि माणसात एकही रुग्ण झाला नाही. तिथे तीन गोष्टी आधीच स्पष्ट होत्या: रोगाला मालक होता, म्हणजे कोणत्या खात्याने पुढे व्हायचे यावर वाद नव्हता, कृती आराखडा हाती होता, आणि पक्षी मारले तर शेतकऱ्याला भरपाई मिळणार होती. ही भरपाई आज केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी उचलतात. भरपाई नसती तर शेतकऱ्यांनी मेलेल्या कोंबड्या लपवल्या असत्या. माकडाला असा मालक नाही, त्याच्या मरणाची भरपाई नाही, म्हणून खबर देण्याचे कारण आपल्याला वेगळ्या रीतीने निर्माण करावे लागते. ग्रामसभेतल्या अभयाला मी इतके महत्त्व देतो ते त्यासाठीच.

रेबीजचे उदाहरण उलट बाजूने बोलके आहे. चावलेल्या माणसाला लस देणारे आरोग्य खाते, कुत्र्यांना लस टोचायची जबाबदारी नगरपालिका, ग्रामपंचायत आणि पशुसंवर्धन यांच्यात वाटलेली. 2021 मध्ये केंद्राच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही मंत्रालयांनी मिळून 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते हे जगभर मान्य आहे. तरी बहुतेक ठिकाणी आरोग्य खाते माणसांच्या लशीवर वर्षानुवर्षे खर्च करत राहते, आणि कुत्र्यांच्या लशीसाठी ग्रामपंचायतीकडे पैसे नसतात. एका खिशातून थोडे दुसऱ्या खिशात टाकले असते तर माणसे वाचली असती, हे मला फार लागते, कारण रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

पर्यावरणाची बाजू मी मुद्दाम शेवटी घेतली, कारण समित्यांमध्येही ती शेवटीच येते आणि बऱ्याचदा येतच नाही. 1969 मध्ये होर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने लिहिले होते की जंगल तोडून वस्ती आणि शेती आत शिरली, गुरे वाढली, त्याबरोबर गोचिडी वाढल्या. अलीकडे कर्नाटकात भारतीय आणि ब्रिटिश संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासात असे दिसले की सदाहरित ओलसर जंगल आणि बागायती एकमेकांत मिसळलेल्या, देशी गुरे जास्त असलेल्या भागात धोका अधिक असतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात खासगी जंगल तोडून रबर, केळी, अननस, काजू लावला जातो. एखाद्या गावात जंगलतोडीमुळेच माकडताप आला असे थेट बोट मी दाखवणार नाही, तसे सिद्ध करणे कठीण आहे. पण तोडीच्या परवानगीवर निर्णय होतो तेव्हा त्या खोलीत आरोग्य खात्याचा माणूस कधीच नसतो, हे तर खरे आहे. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यातली झाडे वाचवण्यासाठी लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले. तालुका आरोग्य अधिकाऱ्याचा एक पानी अभिप्राय अशा परवानगीच्या फायलीला जोडला जावा, एवढी मागणी तुम्ही आजही करू शकता.

वरच्या पातळीवर हालचाल चालू आहे. जुलै 2022 मध्ये राष्ट्रीय वन हेल्थ मिशनला पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने हिरवा कंदील दिला, तेरा मंत्रालये आणि विभाग त्यात आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचे भूमिपूजन डिसेंबर 2022 मध्ये झाले, 2024 मध्ये मिशनचे संचालकपद मंजूर झाले. मला याचे मनापासून स्वागत वाटते. सुरक्षित प्रयोगशाळांचे जाळे आणि एकत्र माहितीसाठा या गोष्टी तालुका उभारू शकत नाही, त्या दिल्ली-नागपूरनेच करायच्या. जुनी माकडतापाची लस परिणामकारक न राहिल्याने 2022 मध्ये बंद झाली. नव्या लशीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) काम करत आहे, ते काम मोठ्या संस्थांशिवाय होणार नाही. पण पाली किंवा केरच्या बागेत पडलेले माकड नागपूरहून दिसणार नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे असे: वेगळे प्राधिकरण मागू नका. नवे कार्यालय झाले की तिन्ही खाती ‘ते पाहतील’ म्हणून हात झटकतात आणि त्या कार्यालयाकडे ना वनरक्षक असतो ना आशा. कायदेही पुरेसे आहेत. 1897 चा साथरोग कायदा, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा 2009 चा कायदा, आणि वन्यजीव कायदा. यांच्या आधारे जिल्हाधिकारी एक स्थायी आदेश काढू शकतात. मुख्य वन्यजीव रक्षकांकडून माकडांच्या नमुन्यांसाठी संपूर्ण हंगामाची परवानगी आगाऊ घेता येते, म्हणजे प्रत्येक माकडामागे पत्र लिहावे लागत नाही.

त्या आदेशाचा मसुदा तुम्हीच करा, वरून येईल म्हणून थांबू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना घेऊन पशुधन विकास अधिकारी आणि वनक्षेत्रपाल यांच्याकडे स्वतः जा. मसुद्यात एक फोन क्रमांक, माकड सापडल्यावर कोणी कोणत्या तासात काय करायचे, निकाल कोणाकोणाला जाणार, आणि प्रत्येक वस्तूचा खर्च कोणत्या निधीतून, एवढेच लिहा. दोन पानांपेक्षा मोठा झाला तर वनरक्षक तो वाचणार नाही. पावसाळा संपायच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे सहीसाठी न्या, आणि सही झाली की डेपा तेलाची मागणी त्याच दिवशी भांडाराकडे नोंदवा, कारण जानेवारीत पातेरा काढायला जाणाऱ्या बाईच्या हातात ते डिसेंबरमध्ये असायला हवे.